उदयपूर की रायपूर?

काँग्रेसच्या कायापालटाचे अलीकडचे दोन प्रयत्न. मे 2022 मध्ये उदयपूरचं नवसंकल्प शिबिर, फेब्रुवारी 2023 मध्ये रायपूरचं 85वं महाअधिवेशन.

उदयपुरात चर्चा मोकळी झाली आणि ठरावही धाडसी. एका कुटुंबाला एकच तिकीट, संघटनेतली निम्मी पदं पन्नाशीखालच्यांना, एका पदावर पाच वर्षांहून जास्त कोणी नको. मात्र तिकिटाच्या नियमाला तिथेच पळवाट ठेवली: दुसऱ्या नातेवाइकाने पक्षात पाच वर्षं काम केलेलं असलं की झालं! घराण्यातल्या कुणाला ही अट जड जाणार?

रायपूरला भाषणंच जास्त, पण पक्षाची घटना बदलली. पक्षाचे मोठे निर्णय घेणाऱ्या कार्यसमितीची सदस्यसंख्या 25 वरून 35 झाली आणि निम्म्या जागा दलित, आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला व तरुणांसाठी राखल्या. त्याच अधिवेशनात कार्यसमितीची निवडणूक मात्र टाळली आणि नेमणुकीचे सर्वाधिकार मल्लिकार्जुन खर्गे यांना दिले. ऑगस्टमध्ये यादी आली तेव्हा पन्नाशीखालची नावं बोटांवर मोजण्याइतकी.

तरी माझं माप रायपूरच्या पारड्यात. उदयपूरचा संकल्प सोयीने विसरता येतो. घटनेतलं कलम कार्यकर्ता निदान दाखवू तरी शकतो.