स्वॅक्स : मेल सर्व्हरशी होणारा संवाद उघडपणे दाखवणारे साधन

प्रोग्रॅममधून ईमेल जात नाही ही कंपन्यांमधली नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावरून होणारा वादही ठरलेलाच असतो. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो की सर्व्हर मेल घेत नाही. मेल सर्व्हर सांभाळणारा म्हणतो की आउटलुकमधून सगळ्यांचे मेल सुरळीत जात आहेत, तेव्हा दोष तुमच्या कोडमध्येच असणार. दोघांकडेही पुरावा नसतो, कारण बहुतेक प्रोग्रॅम सर्व्हरचे मूळ उत्तर गिळून ‘ईमेल पाठवता आला नाही’ एवढेच पडद्यावर दाखवतात. जॉन जेटमोर यांनी पर्ल भाषेत लिहिलेले स्वॅक्स हे कमांड लाइनवर चालणारे मोफत साधन नेमका हा पुरावा हाती देते. या कामासाठी मी आधी तेच वापरावे असे सुचवीन. मात्र त्याच्या काही मूळ सवयी माहीत नसतील तर ते खोटा दिलासाही देऊ शकते.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ते याच नावाच्या पॅकेजमधून बसवता येते. विंडोजवर आधी पर्ल बसवावे लागते आणि टीएलएससाठी (संवाद गुप्त ठेवणाऱ्या व्यवस्थेसाठी) लागणारे मॉड्यूल आहे की नाही हे पाहावे लागते. ‘सपोर्ट’ हा पर्याय दिल्यास आपल्या मशीनवर काय चालेल आणि काय चालणार नाही याची यादी ते स्वतःच देते. बसवण्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

त्याचे खरे मोल पडद्यावर उमटणाऱ्या संवादात आहे. आपण पाठवलेली प्रत्येक ओळ उजवीकडच्या बाणाने, तर सर्व्हरचे उत्तर डावीकडच्या बाणाने दिसते. सर्व्हरने नकार दिला की त्या बाणापुढे तारका येतात. टीएलएस सुरू झाल्यावर बाणाची सरळ रेघ नागमोडी होते, त्यामुळे पासवर्ड गुप्त वाहिनीतून गेला की उघड्यावर हे एका नजरेत कळते.

एका कारखान्यात वेतनपत्रके ईमेलने पाठवणारा प्रोग्रॅम कंपनीच्या पत्त्यांवर मेल पोहोचवत असे, पण कर्मचाऱ्यांच्या जीमेल पत्त्यांवरचा एकही मेल जात नसे. प्रोग्रॅम चालतो त्याच मशीनवरून स्वॅक्स चालवले आणि ‘क्विट-आफ्टर’ या पर्यायाने संवाद प्राप्तकर्त्याच्या पत्त्यापर्यंत नेऊन तोडला, म्हणजे कोणाच्याही डब्यात चाचणीचा मेल पडण्याचा प्रश्न नव्हता. २५ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) सर्व्हरने स्वागत केले, प्रेषकाचा पत्ता २५० म्हणत स्वीकारला आणि बाहेरच्या प्राप्तकर्त्याचा पत्ता येताच ‘५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड’ (मेल पुढे पोहोचवण्याची परवानगी नाही) असे उत्तर दिले. कोडमध्ये दोष नव्हता. स्वतःच्या डोमेनचा मेल सर्व्हर लॉगिनशिवाय घेत होता, पण बाहेर पाठवायचा मेल अनोळखी मशीनकडून घ्यायला तयार नव्हता, आणि कोणत्याही नीट राखलेल्या सर्व्हरने तेच करायला हवे. उपाय दोनच होते : त्या मशीनचा आयपी पत्ता परवानगीच्या यादीत घालणे किंवा ५८७ पोर्टवर लॉगिन करून मेल पाठवणे. दुसरा उपाय अधिक सुरक्षित.

पोर्टचा गोंधळही या साधनाने लवकर उकलतो. ५८७ वर संवाद साध्या रूपात सुरू होतो आणि ‘स्टार्टटीएलएस’ या आज्ञेनंतर गुप्त होतो, तर ४६५ वर पहिल्या अक्षरापासून टीएलएस अपेक्षित असते. ४६५ वर प्रोग्रॅम साध्या रूपात जोडला गेला तर तो सर्व्हरच्या स्वागताची वाट पाहतो, सर्व्हर टीएलएसची वाट पाहतो आणि शेवटी वेळ संपल्याची त्रुटी येते. मग लोक विनाकारण फायरवॉलला दोष देतात. डॉटनेटमधला जुना एसएमटीपी क्लायंट (मेल पाठवणारा भाग) तर ४६५ ची ही पद्धत मुळातच जाणत नाही. स्वॅक्समध्ये ‘टीएलएस’ आणि ‘टीएलएस-ऑन-कनेक्ट’ असे वेगळे पर्याय असल्याने दोन्ही पद्धती पाठोपाठ तपासता येतात.

आता उणिवा. सर्वांत फसवी गोष्ट अशी की मुळात स्वॅक्स सर्व्हरच्या प्रमाणपत्राची (टीएलएसमध्ये सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) पडताळणी करतच नाही. कंपनीने स्वतः तयार केलेले प्रमाणपत्र वापरले असेल तर स्वॅक्सचा मेल विनातक्रार जातो आणि जावाचा प्रोग्रॅम मात्र ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणून अडतो, कारण जावा स्वतःच्या विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत ते शोधते. ‘टीएलएस-व्हेरिफाय’ हा पर्याय दिल्याशिवाय स्वॅक्सच्या यशावर विसंबू नये. शिवाय सर्व्हरचे नाव दिले नाही तर ते प्राप्तकर्त्याच्या डोमेनचा मेल सर्व्हर डीएनएसमधून (डोमेनच्या नावांच्या नोंदवहीतून) शोधून थेट तिकडे धाव घेते, म्हणजे ज्याची तपासणी करायची तो कंपनीचा सर्व्हर बाजूलाच राहतो. आपल्या लॅपटॉपवरून केलेली चाचणीही निरुपयोगी ठरू शकते, कारण परवानगी बहुधा प्रोग्रॅमच्या मशीनला असते.

नोंद पुढे पाठवताना विशेष काळजी घ्यावी. ५३५ क्रमांकाची लॉगिनची त्रुटी आली की लोक संपूर्ण संवाद मेल विभागाला जसाच्या तसा पाठवतात. त्यातला पासवर्ड अगम्य अक्षरांत दिसत असला तरी तो केवळ बेस-६४ या सर्वांना ठाऊक असलेल्या लेखनपद्धतीत मांडलेला असतो आणि कोणालाही क्षणात उलगडता येतो. पासवर्ड झाकण्याचा पर्याय स्वॅक्समध्ये आहे. तो मुळातच चालू असायला हवा होता असे माझे मत आहे. कमांडमध्ये पासवर्ड लिहिलाच नाही तर ते तो विचारून घेते, आणि तसेच करावे, नाहीतर तो शेलच्या इतिहासात (आधी दिलेल्या कमांडच्या यादीत) राहतो.

लॉगिन, प्लेन, क्रॅम-एमडी५, एनटीएलएम अशा पासवर्डने लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धती स्वॅक्सला येतात. ज्या कंपन्यांचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइनवर आहे आणि जिथे पासवर्डऐवजी ओऑथ टोकन (प्रोग्रॅमला मिळणारा मुदतीचा प्रवेश-परवाना) सक्तीचे झाले आहे, तिथे मात्र त्याची मदत अर्ध्यावर थांबते : पोर्ट उघडे आहे, टीएलएस जुळते आणि सर्व्हर कोणत्या लॉगिन पद्धती देऊ करतो इतके ते दाखवेल, टोकनची चाचणी मात्र प्रोग्रॅमच्याच लायब्ररीत डीबग नोंद चालू करून करावी लागेल.