२०१७ चे समर टायर २०२५ मध्ये ‘फ्रेश इम्पोर्टेड’ म्हणून गळ्यात मारले, ५४,८०० रुपये पाण्यात

टायरच्या धंद्यात काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, घासलेल्या टायरला पुन्हा खाचा पाडून विकणं, रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) नवा म्हणून देणं, ते मी इथे सांगत बसत नाही. मला ज्या पद्धतीने फसवलं ती वेगळी आहे आणि गोव्यात ती जोरात चाललीय असं आता चार लोकांकडून ऐकतोय म्हणून लिहितोय. टायर खरे होते, ब्रँड खरा होता, वापरलेले पण नव्हते. फक्त मेलेले होते.

गाडी सेकंड हँड ऑक्टाव्हिया, साइज २२५/४५ आर १७. ह्या साइजमध्ये चांगला हाय परफॉर्मन्स समर टायर स्वस्त मिळत नाही. पणजीतल्या मोठ्या शोरूमने एकाचे १७,८०० सांगितले, चारचे ७१,२००. तेव्हा कोणीतरी बार्देशातल्या एका दुकानाचा नंबर दिला, मेन रोडपासून आत, बोर्ड मोठा, दुकान छोटं. तिथे तेच युरोपियन कंपनीचे, तेच पॅटर्न, १४,००० ला एक. का स्वस्त, तर म्हणे पोर्टावर कस्टममधून सोडवलेला माल, डायरेक्ट, मधला माणूस नाही. चारचे ५६,०००, जुने टायर त्याने ४,००० ला घेतले, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह मिळून २,८००, टोटल ५४,८००. त्यातले २०,००० यूपीआयने (नाव भलत्याच बाईचं आलं, “मिसेसचं अकाउंट आसा”) आणि ३४,८०० कॅश. बिल मागितलं तर म्हणाला २८ टक्के जीएसटी लागेल पात्रांव (म्हणजे साहेब), उगाच सरकारला कित्याक दितात. तेव्हा टायरवर २८ होता, १८ झाला तो सप्टेंबर २०२५ पासून. आता कोणी म्हणेल बिल न घेता कॅश कशाला दिली. गोव्यात गॅरेजमध्ये किती लोक पक्कं बिल घेतात ते आधी सांगा, मग मला शहाणपण शिकवा.

आणि मी काय डोळे मिटून घेतले नाहीत. खाचांची खोली मोजायचा स्वतःचा ट्रेड गेज घेऊन गेलो होतो, चारही टायरला लावला, पूर्ण आठ मिलिमीटर. कायद्याने १.६ पर्यंत चालतं, म्हणजे नवाकोराच. रबराचे ते बारीक केस असतात ना मोल्डमधून आलेले, ते सगळे जागेवर. वर बारकोडवाला स्टिकर. काळाभोर, चकाकणारा. आता कळतंय की ती चकाकी पॉलिशची होती आणि पॉलिश कशासाठी होतं तर खाचांच्या तळाशी ज्या केसासारख्या भेगा होत्या त्या दिसू नयेत म्हणून. दुकानात उन्हात उभं राहून खाचेत टॉर्च मारून बघणारा माणूस मला दाखवा.

मार्च-एप्रिलमध्ये गाडी काय मस्त चालली, हे पण सांगतो, कारण फसवणूक इथेच पचते. कोरड्या तापलेल्या डांबरावर जुनं कडक रबर पण बऱ्यापैकी धरतं, रस्ताच इतका गरम असतो की ते थोडं मऊ पडतं. नव्या झुआरी पुलावर गाडी अशी सरळ जायची की मी बायकोला म्हटलं बघ, १५,२०० वाचवले.

आता ती गोष्ट ज्याच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही. पेट्रोल पंपावर हवा भरताना तिथला पोरगा खाली बसून म्हणाला, साहेब ह्याच्यावर इनसाइड लिहिलंय, ते बाहेर कसं? मी वाकून बघितलं. पुढच्या डाव्या टायरवर, बाहेरच्या बाजूला, उठावदार अक्षरात इनसाइड. मागचा बघितला, इनसाइड. पलीकडे गेलो, तिथेही तेच. चारही. मी तिथेच पंपावरून दुकानदाराला फोन लावला आणि तो माणूस एक सेकंद पण न थांबता म्हणाला, “पात्रांव, हो लेफ्ट हँड ड्राइव्हच्या देशांतलो माल, थंय गाडी उलटी चलता, म्हणून हांगा इनसाइड भायर येता. टेन्शन घेवं नाका.” आणि मी टेन्शन घेतलं नाही! ऐकायला पटतं ना? स्टिअरिंग डावीकडे, मग टायरही उलटा. मागे गाड्यांची लाइन लागली होती, उकाडा मरणाचा, पोरगा हसत होता, मी त्याला वीस रुपये दिले आणि निघालो. त्या पोराला कळलं ते मला कळलं नाही असं नाही, मला कळलं होतं, पण समोरचा इतक्या ठामपणे बोलल्यावर माणूस काय करणार.

खरं असं आहे की असे टायर असिमेट्रिक असतात. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेरच यायला हवी, देश कुठलाही असो, स्टिअरिंग कुठेही असो. बाहेरच्या खांद्याला मोठे जाड ठोकळे असतात, वळणावर भार तिथे येतो, आणि आतल्या बाजूला पाणी काढायच्या खाचा जास्त. त्याने मुद्दाम उलटे बसवले होते, कारण टायर बनल्याची तारीख आउटसाइडला होती आणि ती त्याने ग्राइंडरने खरवडली होती. खरवडलेला डाग आत, चाकाच्या मागे, चेसिसच्या अंधारात.

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच येऊन टेकला. पर्वरीचं फ्लायओव्हरचं काम चालू, रस्त्यावर लाल चिखल, वर पहिल्या पावसाचा तो ऑइल-धुळीचा थर. मांडवी पुलाकडे उतारावर पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, मी पण मारला, स्पीड जेमतेम चाळीस. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं, पेडल पायाखाली थडथडत होतं आणि गाडी आपली आरामात जातेच आहे, जातेच आहे, जाऊन टेम्पोच्या मागच्या पट्टीला लागली. कोणाला लागलं नाही हे नशीब. बंपर, ग्रिल, एक फॉग लॅम्प, ११,४०० रुपये. आणि टेम्पोवाल्याच्या शिव्या फुकट.

दुकानदाराला फोन केला तर त्याचं उत्तर ऐका: “समर टायर न्ही तो, पावसांत घसरतलोच. तुमका रेन टायर जाय आशिल्लो.” म्हणजे मला रेन टायर हवा होता म्हणे. वर ऑफर, टायरमागे ८,००० जादा दिले तर बदलून देतो! समर टायर म्हणजे बर्फ-थंडीचा नाही एवढाच अर्थ. उबदार हवेत पावसात धरायला तोच सगळ्यात चांगला, त्याच टायरवर ट्रॅक्शन डबल ए कोरलेलं आहे आणि ते रेटिंगच ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायच्या टेस्टचं असतं. हे कोणी तोंडावर फेकलं की घाबरू नका, तिथेच त्याला साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूवरचं कोरलेलं, वाचायला लावा.

मेव्हणा फोंड्याला असतो, त्याच्याकडे सेम गाडी आणि नेमके तेच टायर, पण शोरूमचे, तारीख ४५२४. (साइडवॉलवर डीओटीने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे, त्यात पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २०२४ चा ४५ वा आठवडा. हे पाठ करा.) त्याला माझी बडबड पटत नव्हती, म्हणाला भावजी, ड्रायव्हिंग तुमचंच असेल. मग एका रविवारी वेर्ण्याच्या पठारावर इंडस्ट्रियल इस्टेटमधला रिकामा सरळ रस्ता गाठला, मागेपुढे कोणी नाही बघून दोघांनी ६० वरून फुल ब्रेक मारून बघितला, रस्त्याच्या कडेला दगड ठेवून टेपने मोजलं. सकाळी ऊन होतं तेव्हा कोरड्यावर त्याची गाडी १६ मीटरमध्ये थांबली, माझी साडेसतराला. तो हसला. म्हटलं थांब. दुपारी सर आली, रस्ता नुसता ओला, डबकी पण नाहीत, त्याची २० मीटरला थांबली आणि माझी २९ ला. नऊ मीटर म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांची लांबी. लॅबची टेस्ट नाही, एक-दोन मीटर इकडेतिकडे धरा, तरी पण दोन गाड्या कुठून आणणार? त्यानंतर तो हसला नाही.

ह्याचं कारण मला शोरूमच्या जुन्या फिटरने समजावलं. ओल्यात पाण्याचा पडदा मध्ये आला की रबर रस्त्याला चिकटायचं कमी होतं, मग ते डांबराच्या बारीक खरखरीत दबून शिरलं तरच धरतं. त्यासाठी रबर मऊ हवं. वर्षानुवर्षं गोदामात पडून रबर वाळतं, कडक होतं, खाचा आठ मिलिमीटर असल्या तरी उपयोग काय, खाच पाणी बाहेर काढते, धरायचं काम रबराने करायचं असतं. शिवाय पावसात टायर गरमच होत नाही. त्याने मला दोन्ही गाड्यांच्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख दाबायला लावलं. मेव्हण्याच्या टायरमध्ये नख रुतलं, वण राहिला, हळूहळू भरून आला. माझ्यात नखच वाकलं. मग त्याने चाकं काढली. तीन टायरवर तारखेच्या जागी गुळगुळीत घासलेला चौकोन. चौथ्यावर ग्राइंडर अर्धवट फिरवलेला, तिरपं धरून टॉर्च मारली तर वाचता येत होतं, ३११७. २०१७ चा ३१ वा आठवडा. मी विकत घेतले तेव्हा पावणेआठ वर्षांचे. आयएसआय मार्क चारही टायरवर कुठेच नाही, आणि इथे विकायच्या टायरला तो सक्तीचा आहे, बाहेरून आलेला असला तरी. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर केंद्राने निर्बंध घातलेत, म्हणजे कोणी “ताजा इम्पोर्टेड माल, स्वस्तात” म्हणाला की तो एकतर जुना तरी किंवा चोरवाटेचा तरी.

आता सरकारी मजा. पोलीस स्टेशनात गेलो, चारही टायरचे फोटो, खरवडलेल्या तारखेचे क्लोजअप, व्हॉट्सॲप चॅट, यूपीआयची पावती, सगळं घेऊन. ड्युटीवरचा माणूस विचारतो, टायर चोरीला गेले का? नाही. फुटले का? नाही. मग गाडी चालते ना? चालते पण थांबत नाही म्हटलं. तो हसला आणि म्हणाला सिव्हिल मॅटर. मराठीत अर्ज दिला तर म्हणे इंग्लिशमध्ये लिहून आणा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात सरकारी कामाला मराठी चालते, पण तिथे कोण वाद घालणार, आणला लिहून. मग साहेब बंदोबस्ताला. मग साहेब आले तर म्हणाले दुकानदाराला बोलावून घेतो, आणि बोलावलं, तो आला, आतल्या खोलीत चहा घेतला, बाहेर येऊन मला म्हणतो ५,००० देतो, मिटव. पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात! आणि तो साहेब मला समजावतोय, घ्या हो, कोर्टकचेरीत काय मिळणार. मी काय भीक मागायला गेलो होतो? वजन-मापवाल्यांकडे गेलो तर म्हणे पॅकबंद वस्तू असती तर बघितलं असतं, टायर सुटा आहे. आरटीओत गेलो तर म्हणे आम्ही गाडी बघतो, दुकान नाही. टॅक्सच्या ऑफिसात सांगितलं की हा माणूस बिलाशिवाय विकतो, तर मलाच विचारलं तुम्ही बिलाशिवाय का घेतलं, नाव पत्ता लिहा. कंपनीच्या कस्टमर केअरने फोटो मागवले, महिनाभर मागवतच राहिले, आणि शेवटी एक ओळीचा मेल, सदर माल भारतासाठी नव्हता, वॉरंटी लागू नाही. म्हणजे माझ्या ५४,८०० ला ह्या अख्ख्या राज्यात खातंच नाही. हेल्मेट नसेल तर मात्र दर चौकात माणूस उभा असतो.

शेवटी वकील मित्राने मार्ग दाखवला, जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, बिल नसलं तरी यूपीआय आणि चॅट चालतात म्हणून पूर्ण कॅश कधीच देऊ नका. त्याआधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नोंद करून नंबर घेऊन ठेवा, पुढे कागदाला जोडता येतो. आणि टायर फेकू नका, विकू तर अजिबात नका, तेच पुरावा. माझे चार पोर्चमध्ये ताडपत्रीखाली आहेत, बायको रोज विचारते हे कधी जाणार. गाडीला शेवटी ७१,२०० देऊन शोरूमचेच घातले, पक्क्या बिलावर टायरचे नंबर लिहून घेतले, तुम्ही पण घ्या.

दुकानात टायर रिमवर चढायच्या आधी दोन्ही बाजू फिरवून बघा, चढल्यावर नाही. तारीख एकाच बाजूला असू शकते, पण खरवडलेली असूच शकत नाही, गुळगुळीत चौकोन दिसला की उठून चालायला लागा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये आयएसआयखालचा लायसन्स नंबर टाकून बघा. नख दाबा. वास घ्या हवं तर. दुकानदाराला राग आला तर येऊ दे. आणि बायकोचं अकाउंट, भावाचं अकाउंट असलं काही चालवून घेऊ नका, पैसे दुकानाच्या नावावर.

ग्राहक आयोगात पहिल्या तारखेला दुकानदार आलाच नाही, पुढची शिगम्यानंतरची दिलीय. परवा मेव्हण्याने त्याची नवी जाहिरात पाठवली. फोटो तोच, माझ्या साइजचा, स्टिकरसकट, फक्त भाव १४,००० चा १२,५०० केलाय आणि खाली लिहिलंय, जीएसटी कमी झाल्यामुळे.