तीन सिलिंडरच्या गाडीला चार प्लग: सांगलीतल्या गॅरेजचा अनुभव

माझ्या गाडीच्या इंजिनाला सिलिंडर तीन आहेत. सर्व्हिसिंगच्या बिलात स्पार्क प्लग लावले चार. आणि प्रत्यक्षात एकही बदललेला नव्हता.

सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर या पट्ट्यात हायब्रिड गाड्या आता बऱ्यापैकी दिसतात. वॉरंटी संपत आली की यातले बरेच जण शोरूम सोडून जवळचं गॅरेज बघणार. अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

गाडी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर मोठी बॅटरी आणि मोटर असलेली, नुसत्या मोटरवरही चालू शकणारी. पंचेचाळीस हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. कॉलेजला रोज मिरज, अधूनमधून कोल्हापूर, एवढाच तिचा फेरा. एप्रिलमध्ये मायलेज उतरलं आणि इंजिन चालू होताना गाडी किंचित थरथरते असं वाटायला लागलं. ओळखीतल्या एकांनी ‘हायब्रिड स्पेशालिस्ट’ अशी पाटी असलेलं गॅरेज सुचवलं. बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकल्यासारखं केलं आणि तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, प्लग गेलेत. असंच चालवलं तर लोड बॅटरीवर येतोय. बॅटरी गेली तर लाखांत जातंय बगा.”

मला आत थांबू दिलं नाही. केशरी वायरी दाखवल्या, हाय व्होल्टेज आहे, गिऱ्हाइकाला जवळ येऊ देत नाही म्हणाले. केशरी वायरी उच्च दाबाच्या असतात हे खरंच आहे आणि त्यांना कुणी हात लावू नये हेही खरं. पण प्लग बदलताना त्या वायरी सोडाव्या लागत नाहीत. दोन पावलं मागे उभं राहून बघायला काहीच अडचण नव्हती. ही भीती दाखवण्यामागचा हेतू मला नंतर कळला.

संध्याकाळी जो कागद हातात पडला त्यावर होतं: इरिडियम स्पार्क प्लग चार नग, ७,४०० रुपये. हायब्रिड बॅटरी कंडिशनिंग ६,५००. सीव्हीटी बेल्ट अ‍ॅडजस्टमेंट २,२००. थ्रॉटल क्लीनिंग १,२००. ऑइल आणि फिल्टर ३,६००. हायब्रिड लेबर ३,०००. एकूण २३,९००. कागदावर शिक्का होता, जीएसटी क्रमांक नव्हता. पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे पडतील म्हणाले. जुने प्लग मागितले तर एका पिशवीत चार काळेकुट्ट प्लग घालून दिले. पैसे यूपीआयने भरले, त्याची नोंद राहिली, ते फार उपयोगी पडलं.

थरथर तशीच होती. म्हणून मिरजेच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. आमच्या घरच्या सगळ्या गाड्या त्यांनी बघितल्या आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. हायब्रिडचं काम आपण करत नाही असं त्यांनी आधीच सांगितलं, पण बघतो म्हणाले. पहिलं काम त्यांनी काय केलं, तर गाडी बंद करून किल्ली माझ्याकडून घेतली आणि लांब टेबलावर ठेवली. हायब्रिड गाडी ‘रेडी’ असेल तर ती गप्प असली तरी इंजिन आपोआप चालू होऊ शकतं, त्यात हात सापडू शकतो. इंजिन गार होऊ दिलं, मग वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं.

“ताई, मोजा,” म्हणाले. कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, तीन. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक प्लग आणि त्याच्या डोक्यावर एक कॉइल. कॉइलच्या बोल्टांवर धूळ आणि तेलकट थर जसाच्या तसा बसलेला. पाना लागला असता तर तो थर तुटला असता. मी त्याचे फोटो काढले, मगच त्यांनी एक प्लग बाहेर काढला. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, तसंच होतं, आणि प्लग अगदी ठणठणीत. पिशवीतला एक प्लग त्यांनी शेजारी धरला. त्याचं टोक जाड, म्हणजे साधा निकेलचा. चुडीची (म्हणजे आट्यांची) लांबी वेगळी, पान्याचं मापही वेगळं. तो माझ्या इंजिनात बसलाच नसता. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचे प्लग माझे म्हणून दिले होते. चाचांनी प्लग टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, परत बसवला. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जोर जास्त झाला तर चुडी जाते.

आता बिलातल्या बाकी ओळी. माझ्या गाडीसारख्या स्ट्राँग हायब्रिडच्या ई-सीव्हीटीत, म्हणजे गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या यंत्रणेत, बेल्ट नसतोच. दोन मोटर-जनरेटर आणि प्लॅनेटरी गिअर यांच्यावर ते चालतं. जो बेल्ट गाडीत नाही तो अ‍ॅडजस्ट केल्याचे २,२०० रुपये माझ्याकडून घेतले. यावरून सगळ्यांना सांगते, अशा गाड्यांना अल्टरनेटर नसतो, वेगळा स्टार्टर मोटर नसतो, क्लच प्लेट नसते. १२ व्होल्टची छोटी बॅटरीसुद्धा मोठ्या बॅटरीवरूनच कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते. अल्टरनेटर, स्टार्टर किंवा क्लच प्लेट बिलात दिसली तर तिथेच थांबा.

बॅटरी कंडिशनिंगचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ते माणसाच्या भीतीवर घेतलेले पैसे आहेत. मोठ्या बॅटरीचं चार्जिंग-डिस्चार्जिंग गाडीचा कॉम्प्युटर सांभाळतो. ती सीलबंद असते. आपल्याकडे करण्यासारखं म्हणजे तिला हवा जाते त्या जाळीतली धूळ काढणं आणि जाळीपुढे सामान न ठेवणं. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीवर कंपनीची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. ती चालू असताना बाहेरच्या माणसाने बॅटरीला हात लावायचं कारणच काय?

थरथरीचं कारण साधं निघालं. तीन सिलिंडरचं इंजिन चालू होताना चारच्यापेक्षा थोडं जास्त हलतं, ते त्याच्या रचनेतच आहे. टायरमधली हवा कमी होती. आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात एसी सतत चालतो, या गाडीत तो बॅटरीवर चालतो, म्हणून ती भरायला इंजिन पुन्हा पुन्हा चालू होतं.

तुमची गाडी कोणती ते नीट बघून घ्या. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडचं इंजिन १४९० सीसी, तीन सिलिंडरचं. याच गाड्यांच्या १४६२ सीसी माइल्ड हायब्रिडला, जिथे मोटर इंजिनाला फक्त थोडी मदत करते, सिलिंडर चार. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आणि होंडा सिटी हायब्रिड यांनाही चार, तिथे चार प्लग बरोबर आहेत. इरिडियम प्लग साधारण लाखभर किलोमीटर चालतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हायब्रिडमध्ये सिग्नलला आणि गर्दीत इंजिन बऱ्याचदा बंद असतं, म्हणजे प्लगला काम उलट कमी. चाळीस-पन्नास हजारांवर कुणी बदलायला सांगितलं तर जुना प्लग तुमच्यासमोर काढायला लावा. नव्या प्लगची डबी मागा, तिच्यावर पार्ट नंबर आणि छापील किंमत असते. काही गॅरेजमध्ये प्लग तारेच्या ब्रशने घासून परत लावतात. इरिडियमच्या बाबतीत ते करू देऊ नका, बारीक टोक खराब होतं.

फोटो घेऊन गॅरेजवर गेले तेव्हा मालक म्हणाले, बिल लिहिणाऱ्या पोराची चूक झाली. प्लगचे ७,४०० परत केले. बेल्ट आणि बॅटरीच्या पैशांवर मात्र बोलायलाच तयार नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. शिक्क्याचा कागद, यूपीआयची नोंद, बोल्टांचे फोटो आणि ते चार प्लग, सगळं मी एका फाइलला लावून ठेवलं आहे. प्लग दुसऱ्या मापाचे आहेत असं चाचांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं आहे.