जावळी एका दिवसात : साताऱ्याहून निघणाऱ्या तालुका-परिचय सहलीविषयी

साताऱ्यातील एक सहल-आयोजक पावसाळा सरल्यावर जावळी तालुक्याची एकदिवसीय परिचय-सहल काढतात. मागच्या कार्तिकात आम्ही घरातले चौघे या सहलीला गेलो होतो. माणशी पंधराशे रुपयांत गाडी, गाईड, बामणोलीचे जेवण आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातली बोटफेरी एवढे मिळते. सातारकर मंडळी जावळीतून जातात ती महाबळेश्वर गाठण्यासाठी किंवा कासची फुले पाहण्यासाठी. तालुका म्हणून जावळी पाहावी, असे कुणाला सुचत नाही. ते या आयोजकांना सुचले, म्हणूनच या सहलीविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

भूगोल समजावून सांगण्यात ही सहल खरोखर सरस आहे. सकाळी मेढा या तालुक्याच्या ठिकाणी वेण्णेच्या पुलावर गाडी थांबवून गाईडने एवढेच सांगितले, "ही नदी ध्यानात ठेवा, दुपारी हिची बहीण दाखवतो." वेण्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावतात. वेण्णा मेढ्यावरून कण्हेरकडे येऊन संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कड्याला समांतर दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून थेट कराडात कृष्णेची भेट घेते. या दोन खोऱ्यांच्या मधला डोंगर तालुका दुभंगून उभा आहे. कासच्या पठारावर जांभ्याच्या सड्यावर उभे राहून एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे पाहिले की कोयनेकडच्या बामणोलीच्या माणसाला मेढ्याच्या तहसील कचेरीत साधा दाखला काढायला डोंगर का ओलांडावा लागतो, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. शाळेत नकाशावर बोट ठेवून पाठ केलेला तालुका माझ्या मुलीला इथे पहिल्यांदा कळला. एवढ्यासाठीही पंधराशे रुपये जास्त वाटत नाहीत.

इतिहासाचा भाग त्या मानाने घाईत उरकला जातो. चंद्रराव हे जावळीवर सत्ता असलेल्या मोऱ्यांचे व्यक्तिनाम नसून आदिलशाहीकडून मिळालेला किताब होता, १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्यानंतर रायरीही (पुढचा रायगड) स्वराज्यात आली, हे गाईडने नीट सांगितले. प्रतापगडाची उभारणी आणि १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची भेट हा भागही रंगला. पण जिच्यावरून तालुक्याला नाव मिळाले ती मोऱ्यांची जावळी आज या तालुक्यात नाही, ती शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यात आहे, ही गोष्ट ना गाईडने सांगितली ना हाती दिलेल्या पत्रकात होती. प्रवाशांपैकी एका आजोबांनी "मग जावळी गाव कधी येणार?" असे दोनदा विचारले, तेव्हा हा उलगडा झाला. वासोट्याचे दर्शन बोटीतून, तेही लांबूनच होते. किल्ला चढायला वन खात्याची परवानगी आणि वेगळा दिवस लागतो, त्यामुळे याबद्दल तक्रार नाही. १८१८ मध्ये वासोटा इंग्रजांकडे गेला आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या गादीचे दिवस पालटले, या दोन घटनांचा धागा मात्र जोडून सांगायला हवा होता.

माझा खरा आक्षेप लोकसंख्येच्या माहितीवर आहे. पत्रकात तालुक्याची लोकसंख्या 'सुमारे सव्वा लाख' छापली आहे. २०११ च्या जनगणनेत ती १,०६,५०६ भरली. त्या वेळी जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती, म्हणजे जावळीचा वाटा जेमतेम साडेतीन टक्के येतो. अकरा तालुक्यांत यापेक्षा कमी माणसे फक्त महाबळेश्वर तालुक्यात, ७२,८३०. आकडा चुकला याहून मोठी उणीव अशी की त्या आकड्यामागची माणसे या सहलीत भेटतच नाहीत. इथले घरटी कोणी ना कोणी मुंबईला किंवा नवी मुंबईला असते. माथाडी कामगार म्हणून बाजारात पाठीवर पोती वाहून कित्येकांनी गावाकडची घरे बांधली. जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत झाली आणि गावोगावच्या यात्रा चैत्रात भरतात. जी घरे मोजणीच्या वेळी कुलपात असतात त्यांच्याच अंगणात यात्रेला पंगती उठतात, हे तालुका समजून घेणाऱ्याला सांगायला नको काय? मेढ्याच्या बाजारात अर्धा तास जास्त थांबलो असतो तर चहाच्या टपरीवरच हे सारे ऐकायला मिळाले असते. आमच्या वाट्याला तिथे वीस मिनिटे आली.

ही उणीव भरून काढली ती बोटचालकाने, आणि तीही न ठरवता. बामणोलीहून निघून बोट पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्याने इंजिन बंद केले. गाईड धरणाची माहिती देत होता : उंची १०३ मीटर, साठा १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे नेऊन वीज करतात. सारे अचूक होते. तो थांबल्यावर बोटचालकाने हात पाण्याकडे करून सांगितले, "आमच्या आज्याचं घर हितं खाली हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती उघडी पडत्यात. आज्जी हुती तंवर दरसाली यून बसायची." त्याचे चुलते धरणाच्या वेळी पुनर्वसनात ठाण्याकडे गेले, हा घाटमाथ्यावर वर सरकला. बोटीत कोणी काही बोलले नाही. पाणी इतके संथ होते की वल्ह्यावरून गळणारे थेंब मोजता आले असते. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्याचे वडील गोठ्यातून गुरे सोडायला धावले होते, हेही त्याने त्याच सुरात सांगितले. आयोजकांनी या माणसाला बोटीच्या भाड्याखेरीज सांगण्याचेही मानधन द्यावे, असे मी परतताना त्यांना मनापासून सुचवले आहे.

बामणोलीचे जेवण साधे आणि चोख होते. नाचणीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. कुळथाच्या आमटीला लसणाची फोडणी अशी खरपूस बसली होती की मुलांनीही दुसऱ्यांदा मागून घेतली. भात मात्र गार झाला होता. गाडी स्वच्छ होती, चालक घाटात सांभाळून वळणे घेत होता. सकाळी निघायला पाऊण तास उशीर झाला आणि त्याची कात्री मेढ्याच्या थांब्याला लागली, ही शिस्त आयोजकांनी सुधारायला हवी.

वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. जलाशयाचे पाणी जसजसे उतरते तसतशी बोटीपर्यंतची उतरण लांबत जाते आणि तिथे कठडा नाही. आमच्या आईला बोटीत चढताना दोघांनी हात द्यावा लागला. त्यामुळे नोंदणी पाणी काठोकाठ असताना, दिवाळीच्या आगेमागे करावी, आणि बोटीत शक्यतो चालकाजवळची जागा धरावी.