रेफरन्स बायबल: भविष्यवाणी स्वतः वाचून समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बायबलमधील दानीएल आणि प्रकटीकरण ही भविष्यवाणीची दोन पुस्तके ज्याला कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः वाचून समजून घ्यायची आहेत, त्याने भाष्यग्रंथ, तक्ते किंवा व्याख्यानांचे संच यांवर पैसे घालण्याआधी संदर्भ दिलेले मराठी बायबल विकत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे त्याला सरळ रेफरन्स बायबल म्हणतात. हे परीक्षण अशाच एका आवृत्तीचे आहे. मजकूर तोच, जो रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचला जातो; फरक इतकाच की पानाच्या मधोमध एक अरुंद स्तंभ आहे, त्यात महत्त्वाच्या वचनांसमोर त्यांच्याशी नाते असलेली इतर वचने नोंदवलेली आहेत, आणि शेवटी शब्दसूची (कोणता शब्द कोणत्या वचनांत येतो त्याची यादी) व काही नकाशे जोडलेले आहेत. अशा आवृत्त्या एकाहून अधिक ठिकाणांहून निघतात आणि मला कुणा एकाची भलामण किंवा बदनामी करायची नाही, म्हणून प्रकाशकाचे नाव घेत नाही. जे गुणदोष पुढे सांगतो आहे ते कोणतीही प्रत घेताना पडताळून पाहता येतील.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत मंडळ्या लहान आणि विखुरलेल्या आहेत. अनेक ठिकाणी एकच पाळक चार गावे सांभाळतो, त्यामुळे दानीएलाच्या सातव्या अध्यायावर बसून सविस्तर शिकवण्याइतका वेळ त्याच्याकडे क्वचितच असतो. ही पोकळी मोबाइलवरचे व्हिडिओ भरून काढतात. कुठे युद्ध पेटले, कुठे भूकंप झाला, की दुसऱ्या दिवशी त्या घटनेला या पुस्तकांतल्या दर्शनांतले एखादे शिंग किंवा एखादा कर्णा चिकटवलेला व्हिडिओ घरोघरी पोहोचतो, आणि ऐकणारा घाबरतो किंवा भारावतो, पण वचन उघडून पाहत नाही. आमच्या अमळनेरकडच्या घरगुती अभ्यासात एक वयस्कर मामी आहेत. कुणी असे ठासून काही सांगू लागले, की त्या शांतपणे विचारतात, ‘हाई कोठे लिखेल शे?’ बिरुयातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही शास्त्रात दररोज शोध करून तपासले, असे प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये सांगितले आहे, आणि त्याबद्दल त्यांची तेथे प्रशंसाच केली आहे. मामींचा प्रश्न त्याच जातीचा आहे. रेफरन्स बायबलची पहिली उपयुक्तता ही की या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सोय ते वाचकाच्या हाती देते.

ही सोय नेमकी कशी चालते, हे एका पानावरून दाखवतो. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी समुद्रातून एक श्वापद वर येते. त्याला सात डोकी आणि दहा शिंगे आहेत. ते चित्त्यासारखे दिसते, त्याचे पाय अस्वलाचे आहेत आणि तोंड सिंहाचे. साधी प्रत हातात असेल, तर वाचक येथे थबकतो आणि आपल्या काळातला एखादा राजा किंवा देश या चित्रात बसवू लागतो. रेफरन्स बायबलात मात्र याच दोन वचनांसमोर स्तंभात दानीएल ७ चा निर्देश आहे. पाने मागे उलटून दानीएल ७:३ पासून वाचू लागले, की समुद्रातून वर येणारी चार श्वापदे दिसतात: आधी सिंह, मग अस्वल, मग चित्ता, आणि चौथे नाव नसलेले, दहा शिंगांचे. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने तेच प्राणी उलट्या क्रमाने मांडले आहेत. आणखी बारकाईने पाहावे. सिंहाचे एक डोके, अस्वलाचे एक, चित्त्याची चार, चौथ्या श्वापदाचे एक, अशी बेरीज सात होते, आणि शिंगे दहा. म्हणजे योहानाचे श्वापद हे दानीएलाच्या चारही श्वापदांचे एकवटलेले रूप आहे, आणि ही गोष्ट कुणा वक्त्याने सांगावी लागत नाही. ती त्या दोन पानांमध्येच आहे. पुढे दानीएल ७:१७ मध्ये ही चार श्वापदे म्हणजे चार राजे, असा उलगडाही केलेला आहे, त्यामुळे अर्थ लावण्याची सुरुवात कुठून करायची हेही कळते.

प्रकटीकरणाच्या बाबतीत हा स्तंभ इतका मोलाचा का ठरतो, याचे कारण त्या पुस्तकाच्या घडणीत आहे. त्यात जुन्या कराराचे प्रतिध्वनी पानोपानी आहेत, पण ‘संदेष्ट्याने असे म्हटले आहे’ असे सांगून योहान ते जवळजवळ कधीच देत नाही. मत्तय आपल्याला ‘हे अमक्या संदेष्ट्याच्या वचनाप्रमाणे झाले’ असे बोट धरून दाखवतो. योहान गृहीत धरतो की वाचकाने यहेज्केल, जखऱ्या, यशया आणि निर्गम वाचलेले आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते तितके मुरवलेले नसते. दोन जैतून झाडे आणि समया हे चित्र जखऱ्याच्या चौथ्या अध्यायातून येते, गुंडाळी खाण्याचा प्रसंग यहेज्केलाच्या तिसऱ्या अध्यायातून, आणि वाट्यांतून ओतल्या जाणाऱ्या पीडांमागे मिसर देशावर आलेल्या पीडा उभ्या असतात. संदर्भांचा स्तंभ नसता, तर हे सारे धागे सापडायला वाचकाचे अर्धे आयुष्य गेले असते.

काळाच्या मोजमापाबाबतही हाच अनुभव येतो. प्रकटीकरण १३:५ मध्ये बेचाळीस महिने आहेत, १२:६ मध्ये १,२६० दिवस आहेत, १२:१४ मध्ये ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ आहे, आणि हेच शेवटचे शब्द दानीएल ७:२५ मध्येही आहेत. तीस दिवसांचा महिना धरला, तर बेचाळीस महिन्यांचे १,२६० दिवस होतात आणि साडेतीन वर्षांचेही तितकेच. स्तंभ या चारही जागा एकमेकींशी जोडून देतो. हे दिवस अक्षरशः दिवस समजायचे, की गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ यांच्या आधारे एका दिवसाला एक वर्ष धरायचे, यावर मात्र निरनिराळ्या मंडळ्यांचे निरनिराळे मत आहे, आणि तो वाद मिटवणे हे संदर्भांच्या स्तंभाचे काम नाही.

मला सर्वांत जास्त समाधान दानीएलाच्या नवव्या अध्यायाने दिले. तेथे स्वतः दानीएलच शास्त्राचा अभ्यास करताना दिसतो. ज्याला स्वप्ने पडली, दर्शने झाली, ज्याच्याशी देवदूत बोलला, तो संदेष्टा यिर्मयाचे वचन ग्रंथांत वाचतो आणि यरुशलेमेच्या ओसाडपणाची सत्तर वर्षे भरत आली आहेत हे त्या वाचनातून ताडतो. ९:२ समोर यिर्मया २५:११-१२ आणि २९:१० यांचे निर्देश आहेत. तेथून पुढे २ इतिहास ३६:२१ वर गेले, की सत्तर वर्षांचा संबंध भूमीच्या शब्बाथांशी, म्हणजे तिच्या विसाव्याच्या काळाशी, लावलेला दिसतो, आणि त्याचे मूळ लेवीय २६:३४ मध्ये सापडते. एका वचनापासून निघालेला वाचक अशा रीतीने संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून थेट मोशेच्या नियमशास्त्रापर्यंत पोहोचतो. शिवाय हा सगळा शोध लागल्यावर दानीएल काय करतो, तर तो तारीख जाहीर करत नाही. उपवास करून, गोणपाट नेसून, आपल्या लोकांच्या पापांची कबुली देत प्रार्थना करतो. भविष्यवाणीचा अभ्यास कोणत्या वृत्तीने करावा, हे याहून चांगले कुठे शिकायला मिळेल, असे मला वाटत नाही.

येथे एक गंभीर इशारा दिलाच पाहिजे. स्वतः अभ्यास केला म्हणजे निष्कर्ष बरोबरच येतो, असे मुळीच नाही. विल्यम मिलर नावाचा अमेरिकन शेतकरी कोणत्याही भाष्याविना, केवळ बायबल आणि क्रूडनची शब्दसूची घेऊन वर्षानुवर्षे अभ्यासाला बसला होता. दानीएल ८:१४ मधील २,३०० दिवसांवरून त्याने येशूच्या पुनरागमनाचा काळ काढला, पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला, हजारो लोक वाट पाहत राहिले, आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. माणूस प्रामाणिक होता, चिकाटीचा होता, आणि साधने जवळपास हीच होती. म्हणून मत्तय २४:३६ हे वचन, ज्यात तो दिवस व ती घटका कुणालाही ठाऊक नसल्याचे येशू स्वतः सांगतो, अभ्यासाच्या आरंभी वाचावे आणि शेवटीही. तसेच आपल्याला जे आढळले ते मंडळीतल्या जाणत्या माणसांपुढे मांडावे. यशयाचे पुस्तक रथात बसून वाचणाऱ्या कूशी षंढाला फिलिप्पाने ‘वाचता ते समजते काय’ असे विचारले, तेव्हा कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजेल, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. एकट्याने वाचणे आणि कुणाकडून समजून घेणे, या दोन्ही गोष्टी शास्त्रात शेजारी शेजारी आहेत.

या आवृत्तीची दुसरी मर्यादाही याच्याशीच जोडलेली आहे. मधल्या स्तंभातले संदर्भ हे शास्त्र नव्हे. ते संपादकांनी निवडून घातलेले आहेत. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक १५५१ पासूनचे आहेत, तशीच ही जोडणीही माणसांची आहे. काही ठिकाणी केवळ एखादा शब्द जुळतो म्हणून संदर्भ दिलेला आढळतो आणि अर्थाचा काही संबंध नसतो. दानीएलाच्या आठव्या अध्यायात एडका म्हणजे मेद व पारस यांचे राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, हे ८:२०-२१ मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. पण मोठे शिंग मोडून चार शिंगे निघाली, हे सिकंदराच्या इ.स.पू. ३२३ मधील मृत्यूशी आणि त्याच्या सरदारांत झालेल्या वाटणीशी जोडायचे, तर इतिहासाचे वेगळे पुस्तक लागते. राजांचा एक साधा कालपट दोन पानांत देता आला असता. तो नाही, आणि ही उणीव मला फार जाणवते. नकाशे आहेत, पण त्यांत बाबेल व पारसाच्या साम्राज्यांपेक्षा पौलाच्या प्रवासांनाच जास्त जागा मिळाली आहे.

छपाईबद्दल तक्रार आहे. स्तंभातला टाइप इतका बारीक आहे, की १ आणि ९ यांत गल्लत होते, आणि चुकीचे वचन उघडले, तर नवखा वाचक आपल्यालाच समजले नाही असे धरून पुस्तक मिटतो. पुस्तकांच्या नावांची संक्षिप्त रूपे सुरुवातीच्या एका पानावर दिली आहेत. त्या पानाची झेरॉक्स काढून जवळ ठेवावी. कागद पातळ असल्याने पेनाची शाई मागे उमटते, म्हणून खुणा पेन्सिलीनेच कराव्यात. वैशाखात धुळ्याच्या उन्हात पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंख्याखाली ही पाने एका जागी राहत नाहीत. दोन ठिकाणी एकाच वेळी वाचायचे असेल, तर रुंद पट्ट्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या खुणा आधीच करून ठेवणे सोयीचे जाते. बांधणी शिवलेली आहे, ही जमेची बाजू. केवळ डिंकाने चिकटवलेली प्रत इतके मागे-पुढे उलटणे सोसणार नाही.

मोबाइलवर मराठी बायबल फुकट वाचता येत असताना ही साध्या प्रतीहून महाग आवृत्ती का घ्यावी, हा प्रश्न तरुण मुले विचारतात आणि तो रास्त आहे. शब्द शोधण्यासाठी मोबाइल वेगवान आहे, याबद्दल दुमत नाही. पण ‘कोकरा’ असे टाइप केले, तर ‘कोकऱ्याने’ आणि ‘कोकऱ्याच्या’ ही वचने बहुधा निसटतात, आणि भविष्यवाणीत तीच महत्त्वाची असतात. त्याहून मोठी अडचण अशी की पडद्यावर एकच जागा दिसते. दानीएल ७ आणि प्रकटीकरण १३ समोरासमोर ठेवून डोकी व शिंगे मोजायची असतील, तर कागदाचे पुस्तक, किंवा एक पुस्तक आणि एक मोबाइल, असेच बसावे लागते. आमच्या गटात हाच मार्ग रुळला आहे: एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने स्तंभातले वचन शोधायचे, चर्चा अहिराणीत आणि वाचन मराठीत.

एखादे वचन भाषेमुळे अडले, तर पंडिता रमाबाईंचे भाषांतर शेजारी ठेवावे. साध्या माणसाला, विशेषतः शाळा न पाहिलेल्या बायकांना शास्त्र कळावे, या तळमळीने त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून ते केले होते, आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्या या कामात गुंतलेल्या होत्या. दर्शनांच्या अध्यायांत त्यांची भाषा कधी कधी अधिक नेमकी वाटते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रकटीकरण आधी उघडू नये. दानीएलाचा दुसरा अध्याय घ्यावा, कारण तेथे पुतळ्याचे स्वप्न आणि त्याचा अर्थ एकाच अध्यायात आहेत आणि सोन्याचे शिर म्हणजे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर हे २:३८ मध्येच सांगितलेले आहे. मग सातवा, आठवा आणि नववा अध्याय, आणि त्यानंतर प्रकटीकरण. प्रत विकत घेताना कव्हर पाहत बसू नये. दुकानातच प्रकटीकरण १३ उघडावे, पहिल्या दोन वचनांसमोर दानीएल ७ चा निर्देश आहे का ते पाहावे, आणि तो चष्मा न बदलता वाचता येतो का, हेही घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत नेऊन तपासून घ्यावे.