सांगलीचा बेदाणा: घेताना काय पाहावे आणि घरी कसा टिकवावा

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डाच्या परिसरातील एका किरकोळ बेदाणा दुकानातून आम्ही घरच्यासाठी नेहमी खरेदी करतो. तेथील मालाबद्दल समाधानाने लिहावे असे बरेच आहे. सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे बंद पाकीट हातात ठेवण्याऐवजी तेथे उघड्या पेटीतील बेदाणा चाखायला देतात आणि माल या हंगामाचा आहे की शीतगृहात ठेवलेला गेल्या वर्षीचा, हे विचारल्यावर सरळ सांगतात.

सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तासगाव, कवठे महांकाळ भागात द्राक्षघड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळवतात. द्रावणामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होऊन पाणी लवकर निघून जाते आणि सावलीमुळे हिरवा रंग टिकतो. त्या लांबट हिरव्या बेदाण्याचा भाव अर्थातच चढा असतो. परंतु तो नुसता खाण्यासाठी किंवा पाहुण्यांपुढे ठेवण्यासाठी घ्यावा. शिऱ्याला आणि केकला बारीक, थोडा तांबूस बेदाणा तितकाच गोड लागतो, त्यामुळे केवळ रंगासाठी जास्त पैसे मोजणे मला पटत नाही. पिवळ्या बेदाण्याला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळलेला बरा.

दुकानाविषयी तक्रार एवढीच, की काचेच्या दर्शनी कपाटात माल उजेडात राहतो आणि स्वस्त प्रतीत काड्या बऱ्याच निघतात. त्या घरी निवडाव्याच लागतात.

घरी आणल्यावर बेदाणा न धुता, कोरड्या हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. उष्णतेने तो काळवंडतो, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातील फळीवर हा बदल फार लवकर दिसतो. जुन्या बेदाण्यावर दिसणारे पांढरे खडे बहुतेक वेळा साखरेचे असतात आणि कोमट पाण्यात विरघळतात. मात्र तंतुमय बुरशी किंवा कुबट वास असेल तर माल टाकून द्यावा.

शिऱ्यासाठी बेदाणा मंद आचेवर तुपात परतावा आणि फुगताच बाहेर काढावा, कारण त्यातील साखर चटकन करपून कडवट होते. खिरीत तो भांडे उतरवल्यावर घालावा. आंबट बेदाणा उकळत्या दुधात पडला तर दूध फाटण्याचा धोका असतो. केकसाठी तो थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवून कापडावर पूर्ण कोरडा करावा, म्हणजे तो केकमधला ओलावा शोषून घेत नाही. मैद्यात घोळवल्यानेही थोडा उपयोग होतो, पण मिश्रण पातळ असेल तर बेदाणा तळाशी बसतोच, म्हणून ते घट्टसर ठेवावे.