लाडकी बहीण सोडून संजय गांधी निराधारकडे वळावे का?

करवीर तालुक्यातील ज्या बहिणीला लाडकी बहीण योजनेचे पैसे येतात आणि पती वारल्यामुळे जी आता संजय गांधी निराधार अनुदानासाठीही अर्ज करू शकते, तिने रकमेवरून निर्णय घेण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे दरमहा 1,500 रुपयेच मिळतात आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत. अपवाद दिव्यांग भगिनींचा आहे, कारण त्यांचे निराधार अनुदान ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये झाले असून त्यांनी वळलेलेच बरे.

खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची आहे. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते, तर निराधारसाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव किंवा 21,000 रुपयांच्या आतला दाखला लागतो (दिव्यांगांना 50,000 पर्यंत सवलत आहे). रोजगार हमीच्या 2025-26 मधील 312 रुपये दराने 68 दिवस राबले तरी ही मर्यादा ओलांडते. आमच्या गल्लीतल्या मावशी खानावळीत भाकऱ्या थापतात. त्यांच्या दाखल्यावर 36,000 चा आकडा आला आणि अर्ज लिहायच्या आधीच विषय संपला.

दाखला बसत असेल तर वय पाहावे. लाडकी बहीण 65 व्या वर्षी थांबते, तर निराधारचा ‘पगार’ (आपल्याकडे सगळे हाच शब्द वापरतात) घेणाऱ्या बाईला त्या वयानंतर श्रावणबाळ योजनेतून निवृत्तिवेतन मिळू शकते. साठीच्या आसपासच्या बहिणीला म्हणूनच बदल सोयीचा आहे. चाळिशीतल्या बहिणीने मात्र घाई करू नये, कारण लाडकी बहीणच्या नोंदणीची मुदत 15 ऑक्टोबर 2024 रोजीच संपली आहे आणि पुढे मुलगा कमावता होऊन उत्पन्न वाढल्यास निराधारही हातचे जाईल.

मधल्या काळाच्या खर्चासाठी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे: दारिद्र्यरेषेखालील घरातील 18 ते 59 वयाचा कर्ता माणूस गेल्यास 20,000 रुपये एकरकमी मिळतात. मृत्यूचा दाखला हाती असतानाच त्याचाही अर्ज तहसील कार्यालयात द्यावा. निराधारचे मंजुरीपत्र येईपर्यंत लाडकी बहीण सोडू नये. पगार खात्यावर जमा होऊ लागला की मात्र ती बंद करण्यास स्वतःहून कळवावे.